बोटभर ढील

“आवाज कसा येतो?” मेस्त्रीने विचारलं.

“येतो ना,” मी म्हणालो. “मागून कुठून तरी.”

“तसं नाही. खडखड येतो, खरखर येतो, का टकटक? उभ्या गाडीत येतो का चालत्या? क्लच दाबला की थांबतो का?”

मी गप्प. मुद्रितशोधन हा माझा पोटापाण्याचा धंदा. दुसऱ्यांच्या मजकुरातली वेलांटी पहिली का दुसरी यावर दिवसभर डोळे शिणवायचे, आणि रोज जिच्यावर बसून जातो त्या गाडीचा आवाज कसा, ते मला एका शब्दात सांगता येईना. बरं, मराठीत या शब्दांना तोटा आहे असंही नाही. टिकटिक, टकटक, खडखड, खरखर, घरघर, कुरकुर, किणकिण, फुरफुर. मोटारसायकलीला जुन्या मराठीत नावच मुळी आवाजावरून पडलं होतं, फटफटी. एवढं सगळं हाताशी असून मी सांगितलं काय, तर ‘येतो’.

त्या दिवशी घरी येऊन गाडी डबल स्टँडवर घेतली, न्यूट्रल केली आणि मागचं चाक हाताने फिरवत उकिडवा बसलो. खरखर नव्हती. खडखड होती, आणि तीही सलग नाही. मध्येच यायची, मध्येच जायची. चेन कव्हरला आतून आपटत होती. माझी देखभाल इथून सुरू झाली.

गाडी छोटी आहे. शंभर सीसी, एक सिलिंडर, कार्ब्युरेटर, पुढेमागे ड्रम ब्रेक. तिच्यात कॉम्प्युटर लावून बघावं असं काही नाही. चार-सहा पाने, एक पक्कड, प्लगचा पाना, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि फट मोजायच्या पातळ पानांचं एक फिलर गेज असलं की बहुतेक सगळं उघडतं. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक इतकी वर्षं सीटखाली होतं. ते काढून वाचलं. धंद्याच्या सवयीने आधी छपाईच्या चुका दिसल्या, मग एक शब्द दिसायला लागला. पानापानावर तोच, प्ले. क्लचच्या दांडीला इतके मिलिमीटर प्ले, ब्रेकच्या पॅडलला इतका, ॲक्सिलरेटरला इतका, चेनला इतका. इंजिनच्या व्हॉल्व्हवरच्या टॅपेटला तोच, फक्त तिथे त्याचं नाव क्लिअरन्स. प्लगला तोच, नाव गॅप. जिथे बघावं तिथे थोडी मोकळी जागा सोडायला सांगितलेली, आणि ती किती सोडायची याचं माप दिलेलं. तोवर माझी समजूत अशी होती, की देखभाल म्हणजे सैल झालेलं घट्ट करणं.

वाचलं खरं, पण समजूत काही वाचून जात नाही.

माझ्या गाडीची चेन पूर्ण कव्हरमध्ये असते. त्यामुळे ती धूळपाण्यापासून वाचते आणि आपल्या लक्षातूनही जाते. कव्हरच्या पोटाशी एक रबरी बूच आहे. ते काढलं की बोट जाईल एवढं भोक. त्यातून चेन वरखाली हलवून बघायची. पुस्तकातलं माप २० ते ३० मिलिमीटर. माझी चाळिसाच्याही पुढे हलत होती. मी एक्सलचा नट सैल केला, दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर फिरवत गेलो आणि चेन चांगली ओढून घेतली. चांगली म्हणजे कशी, तर बोटाने दाबली तरी जेमतेम हलेल अशी. वीस ते तीस लिहिलंय म्हणजे दहा अधिक चांगलं, हा हिशोब मी कुठून काढला कोण जाणे. खडखड थांबली. चाक फिरवलं तर नुसतं सळसळतंय. मी स्वतःवर इतका खूश, की नंतर उगाचच एक चक्कर मारून आलो.

दोन-तीन आठवड्यांनी दुसरा आवाज आला. या वेळी मेस्त्रीकडे शब्द तयार ठेवून गेलो. “सूंऽऽ येतो. कण्हल्यासारखा. गाडीवर दोघं असलो की जास्त.”

त्याला बरं वाटलं असावं. त्याने बूच काढलं, माझं बोट आत घालायला लावलं आणि विचारलं, “हलते का?”

“थोडी हलते.”

मग तो स्वतः सीटवर बसला. माझ्या बोटाखाली चेन तारेसारखी ताठ झाली.

“आता माझ्यामागे आणखी एक माणूस बसवा,” तो वरून म्हणाला, “आणि गाडी खड्ड्यात घाला.”

मागचं चाक ज्या चिमट्यात बसतं, पुस्तकी भाषेत स्विंग आर्म, तो पुढच्या टोकाला एका पिनवर वरखाली झुलतो. चेन ओढणारं पुढचं छोटं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, त्या पिनच्या थोडं पुढे असतं. स्प्रॉकेटचा मध्य, चिमट्याची पिन आणि मागचा एक्सल हे तिन्ही बिंदू एका रेषेत आले की दोन स्प्रॉकेटांमधलं अंतर सगळ्यांत जास्त होतं. रिकाम्या गाडीत ते रेषेत नसतात. माणूस बसला, शॉकॲब्सॉर्बर दबला, की रेषेकडे सरकतात. म्हणजे स्टँडवर दिसणारी ती ढील ही चेनची ढील नव्हेच, ती बसणाऱ्या माणसाची जागा आहे. ती आधीच खाऊन टाकली तर चेन ताण काढणार कुठून? गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगला ओढणार, चाकाच्या बेअरिंगला ओढणार. माझ्या चाकाचं एक बेअरिंग त्या दोन-तीन आठवड्यांत कामातून गेलं होतं. आधीच दुखणाईत होतं, असं मी स्वतःला सांगतो.

‘चेन ताणली’ असं आपण सर्रास म्हणतो, पण पोलादाच्या पट्ट्या काही रबरासारख्या लांबत नाहीत. झिजतात त्या पिना, आणि पिना ज्या नळीत फिरतात त्या नळ्या. हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस माणसाने मँचेस्टरमध्ये १८८० साली बुश-रोलर चेन काढली. पिनेभोवती नळी, नळीभोवती फिरता रोलर. त्याआधी पिनेवरचा सगळा भार पट्टीच्या पातळ कडेवर यायचा. नळी आल्यामुळे तो लांबीभर पसरला आणि झीज मंदावली. आजही आपल्या गाडीखाली तीच रचना फिरते. छोट्या गाड्यांना बहुधा ४२८ नंबरची चेन असते. तिच्या एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. अशा शंभरावर कड्या. प्रत्येक सांधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाने झिजला तर नुसत्या डोळ्याला काहीच दिसत नाही, पण अख्खी चेन मिळून जवळजवळ एका कडीएवढी लांबते. शिवाय सगळे सांधे सारखे झिजत नाहीत. म्हणून ढील एके ठिकाणी मोजून भागत नाही. चाक फिरवत चार-पाच जागी बघायची आणि जिथे चेन सगळ्यांत ताठ लागेल तिथलं माप धरायचं. माझी खडखड मध्येच यायची आणि जायची, त्याचं कारण हेच होतं.

चेन धुणं हे मळखाऊ पण मनाला आराम देणारं काम आहे. कव्हर उतरवायचं, रॉकेल आणि जुना ब्रश घ्यायचा. काळं लोणी झालेला मळ सुटत जातो आणि खालून एकेक रोलर चमकायला लागतो. फडक्याने कोरडी करून ९० नंबरचं गिअर ऑइल, खालच्या पदराला, आतल्या बाजूने. चेन फिरली की ते आपोआप बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. चेनलॉक, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी कडी, काढलं असेल तर बसवताना क्लिपची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला हवी. तोंड पुढे राहिलं तर एखादा खडा, एखादी कड तिला अडकवून उपसून काढू शकते. आणि हे चाक फिरवणं हाताने. इंजिन चालू ठेवून, पहिल्या गिअरमध्ये चाक गरगर फिरवत चेनला फडकं लावणारे लोक मी पाहिलेत. फडकं आधी आत जातं, बोटं मागून.

चेन सारखी केली की ब्रेक बिघडतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मागचं चाक मागे सरकलं म्हणजे ब्रेकचा दांडा जिथे जोडलाय ती पट्टीही मागे गेली. पॅडल आहे तिथेच. मग दांडा आपोआप ओढला जातो आणि पॅडलचा प्ले नाहीसा होतो. ब्रेकचे शू ड्रमला घासत राहतात. चार-पाच किलोमीटर जाऊन हब हाताला चटका देईपर्यंत मला पत्ता नव्हता. आता क्रम ठरलेला आहे. आधी चेन, मग दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या का ते बघणं, मग मागे बसून एका डोळ्याने चेनची रेष बघणं, कारण चिमट्यावरच्या खुणांवर माझा पुरता विश्वास नाही. मग एक्सलचा नट. मग ब्रेकचा नट अर्धा-अर्धा फेरा. या नटाच्या तोंडाला खोलगट चंद्रकोर असते, ती दांड्याच्या टोकाच्या गोल पिनेत बसते. म्हणून तो फिरताना अर्ध्या फेऱ्याला टक् करून बसतो. दोन चंद्रकोरींच्या मध्ये थांबवलात तर रस्त्यावर स्वतःच कुठल्या तरी एका बाजूला बसणार. पॅडलला वीस ते तीस मिलिमीटर, चाक मोकळं फिरतंय, आणि पॅडल दाबल्यावर मागचा लाल दिवा वेळेवर लागतोय, एवढं झालं की हात पुसायचे.

क्लचचंही तसंच. दांडीच्या टोकाशी दहा ते वीस मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. प्ले नसेल तर कोणी हात न लावताही क्लच किंचित दाबलेलाच राहतो, प्लेटा घसरतात, इंजिन ओरडतं आणि गाडी उचलत नाही. फार असेल तर दांडी पूर्ण दाबूनही क्लच पुरता सुटत नाही, आणि सिग्नलला न्यूट्रल शोधता शोधता मागच्यांचे हॉर्न ऐकावे लागतात. आणि ही सगळी ओढाताण करणारी वायर! तिची मला नेहमी गंमत वाटते. आतली तार ओढते, बाहेरची गुंडाळलेली नळी ढकलते, म्हणून वाकड्यातिकड्या वाटेनेही ओढ पोचते. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन यांनी याचं पेटंट १८९६ साली घेतलं. सायकलच्या ब्रेकपासून मोटारसायकलच्या क्लचपर्यंत ती सगळीकडे गेली, आणि तिचं दुखणंही सगळीकडे एकच. हँडलजवळच्या बोंडापाशी तारेतला एकेक धागा तुटत जातो. बोट फिरवलं तर टोचतो. टोचला की नवी वायर आणायची, उद्या नाही, आजच. हँडल एका बाजूला पूर्ण वळवल्यावर इंजिन आपोआप रेस होत असेल तर ॲक्सिलरेटरच्या वायरीला प्ले उरलेला नाही, किंवा ती कुठे तरी चेपली आहे. एवढं समजायला गाडी उघडावीही लागत नाही.

क्लचची दांडीच नको, असं ठरवून बनवलेली गाडीही आहे. होंडाची सुपर कब, १९५८ सालची. तिच्यात सेंट्रिफ्युगल क्लच आहे, पायाने गिअर टाकला की क्लच आपसूक सुटतो. २०१७ सालापर्यंत त्या घराण्यातल्या दहा कोटी गाड्या तयार झाल्या. दांडी गेली, वायर गेली, म्हणजे प्लेची कटकट गेली, असं वाटेल. पण इंजिनच्या बाजूच्या झाकणावर एक स्क्रू आणि त्याला लॉकनट आहेच. स्क्रू अडल्यासारखा वाटेपर्यंत फिरवायचा आणि तिथून आठवा भाग फेरा परत. ढील तिथेही द्यावीच लागते, फक्त ती झाकणाआड गेली.

आता ऑइल. इथे माझी पुरती फजिती झाली, म्हणून जरा सविस्तर.

छोट्या गाडीत जेमतेम लिटरभर ऑइल असतं आणि ते तीन नोकऱ्या करतं. इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच, तिघांना तेच. मोटारीत यांचे संसार वेगळे असतात. म्हणून मोटारीचं ऑइल कितीही भारी असलं तरी इथे चालेलच असं नाही. त्यातल्या काहींत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला तर घर्षणच हवं असतं. डब्यावर जासो एमए असं लिहिलेलं बघायचं, ती खूण अशा ओल्या क्लचसाठी. १० डब्ल्यू ३० मधला डब्ल्यू हा वजनाचा नव्हे, विंटरचा. थंडीत ऑइल किती पातळ राहतं त्याचा तो आकडा. पातळी बघायची तर गाडी डबल स्टँडवर सरळ हवी. साइड स्टँडवर कललेली गाडी खोटं बोलते. इंजिन थोडं चालवून बंद करायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं, काडी पुसून परत घालायची. काही गाड्यांत ती आट्यांवर नुसती टेकवायची असते, फिरवून बसवायची नसते. माझी त्यातलीच. मी अनेक वर्षं फिरवून बसवून बघत होतो आणि त्यामुळे ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसत होतं.

ऑइल काळं झालं म्हणजे वाईट झालं असं नाही, काजळी उचलून धरणं हे त्याचं कामच आहे. चिमटीत घेऊन बोटं चोळायची. कचकच लागली तर काळजी. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय.

तर त्या दिवशी इंजिन कोमट करून खालचा बोल्ट काढला, जुनं ऑइल गळू दिलं, बोल्ट परत लावला. बोल्टखालचा वॉशर मात्र जुनाच. तो मऊ धातूचा असतो, एकदा दाबला जाऊन जागा घट्ट मिटवतो, दुसऱ्या खेपेला त्याच्यात दबायला काही उरलेलं नसतं. पण बघायला नवा होता, म्हटलं चालेल. दुसऱ्या दिवशी फरशीवर एक थेंब. मी बोल्ट थोडा आवळला. तिसऱ्या दिवशी परत एक. या वेळी लांब दांड्याचा पाना आणला.

पुढचा क्षण मला अजून मनगटात आठवतो. पाना जड होता, जड होता, आणखी जड झाला, आणि मग अचानक हलका झाला. लोण्यातून सुरी जावी तसा पाव फेरा सहज फिरला. पोटात गोळा आला. बोल्ट पोलादी, इंजिनचं घर ॲल्युमिनियमचं. आटे गेले होते, आणि अर्थातच बोल्टाचे नव्हेत. बोल्ट काढला तर त्याच्या आट्यांत चांदीसारखी एक चकचकीत तार गुंडाळलेली. ती माझ्या इंजिनची होती.

मेस्त्रीने ती तार चिमट्याने सोडवून बाजूला ठेवली. “बोल्ट बसला होता,” तो म्हणाला, “तुम्ही त्याला झोपवलात.” मग त्याने भोक मोठं करून नवे आटे पाडले आणि त्यात पोलादी सर्पिल बसवून आधीच्याच मापाचा बोल्ट लावून दिला. नवा वॉशर घातला. पाना आखूड धरून, बोल्टाच्या अगदी जवळ, असा एकदा ओढला आणि सोडून दिला. माझ्या मते तो सैलच होता. तो अजून गळलेला नाही.

नंतर पुस्तकात पाहिलं. पंचवीस न्यूटन-मीटर. म्हणजे पाव मीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण दहा किलोचा भार. दांडा दुप्पट लांब घेतला तर पाच किलोतच तेवढं होतं, आणि मी तर खांदा लावला होता.

आमच्या धंद्यात नवशिक्या मुद्रितशोधकाला हाच रोग असतो. बरोबर शब्दही तो सुधारून ठेवतो. म्हणून प्रुफात एक खूण आहे, खोडलेल्या शब्दाखाली टिंबांची ओळ. अर्थ, आहे तसं राहू द्या. वीस वर्षं मी ती लोकांच्या प्रुफांवर काढतोय. पान्यासाठी अशी खूण नसते.

टॅपेटला हात लावायला मी त्यानंतर बरेच महिने धजलो नाही. इंजिनच्या डोक्यावर दोन गोल झाकणं असतात, त्यांच्या आत दोन व्हॉल्व्ह. निकोलाउस ओटो यांचं चार स्ट्रोकचं इंजिन १८७६ सालचं. तेव्हापासूनचा हिशोब असा, की क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. रस्त्यावर इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे घेत असेल तर हा व्हॉल्व्ह सेकंदाला चाळीसहून जास्त वेळा उघडतो आणि मिटतो. मिटतो हे महत्त्वाचं. पूर्ण मिटला, बैठकीला टेकला, की त्याची उष्णता त्या बैठकीतून निघून जाते. आता धातू तापला की वाढतो, व्हॉल्व्हचा दांडाही लांबतो. थंड असताना त्याच्या माथ्याशी मोकळी जागा ठेवलेली नसेल तर तापल्यावर तो रॉकरवर, म्हणजे त्याला दाबणाऱ्या दांडीवर, अडतो आणि नीट मिटतच नाही. न मिटलेला व्हॉल्व्ह थंड होत नाही, धगधगत्या वायूने त्याची कड जळत जाते. कॉम्प्रेशन गळतं. किक हलकी लागते. ही जागा माझ्या गाडीत ०.०८ मिलिमीटर, एखाद्या जाड केसाएवढी.

गंमत अशी, की बैठक झिजत जाते तसा व्हॉल्व्ह आत रुततो आणि ही जागा वाढायच्या ऐवजी कमी होते. जागा वाढली तर टिकटिक ऐकू येते, माणूस चौकशी करतो. कमी झाली तर इंजिन उलट शांत होतं आणि माणूस म्हणतो, वा, गाडी काय गप्प झाली! मीही म्हटलं असतं. चेनच्या वेळी म्हटलंच होतं.

काम पहाटे करायचं, इंजिन रात्रभर थंड पडलेलं असतं तेव्हा. प्लग काढून ठेवायचा म्हणजे इंजिन हाताला हलकं लागतं. मॅग्नेटच्या कव्हरवरची बुचं काढून पान्याने क्रँक हळूहळू फिरवायचा, खिडकीत ‘टी’ची, म्हणजे पिस्टन अगदी वर आल्याची, खूण समोर येईपर्यंत. मग दोन्ही रॉकर बोटांनी हलवून बघायचे. दोन्ही किंचित सैल लागले तर पिस्टन बरोबर जागी आहे. एखादा ताठ असेल तर आपण एक फेरा चुकलो, आणखी एक फिरवायचा. फिलर गेजचं पान फटीत सरकवायचं. वहीच्या दोन मिटल्या पानांमधून तिसरा कागद ओढताना लागतं ना, तसं लागलं पाहिजे. अडू नये आणि सुळकन निघूही नये. बदलायचं असेल तर लॉकनट सैल करून वरचा छोटा स्क्रू फिरवायचा. खरी परीक्षा पुढे असते. लॉकनट आवळताना स्क्रूही केसभर त्याच्याबरोबर फिरतो आणि माप बदलतं. म्हणून आवळल्यावर परत पान घालून बघायचं. पहिल्या वेळी मी दोन व्हॉल्व्हसाठी दीड तास घेतला. सात वेळा मोजलं.

प्लग काढलेलाच असतो तर त्याचीही गॅप बघून घ्यायची. टोकावर कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त येतंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय, ओलसर तेलकट असेल तर सिलिंडरमध्ये ऑइल जळतंय, पांढराफटक असेल तर इंजिन फार तापतंय. परत लावताना आटे हातानेच धरू द्यायचे, पाना शेवटी. नवा प्लग टेकल्यापासून अर्धा फेरा, जुना टेकल्यापासून जेमतेम आठवा भाग. हे मी आता मोठ्याने मोजतो.

बाकीचं किरकोळ आहे म्हणणार नाही, पण त्यात सांगण्यासारखं कमी. एअर फिल्टर कागदी असेल तर धुवायचा नाही, बदलायचा. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात दाबून धुवायचा, पिळायचा नाही, वाळवून ऑइलमध्ये भिजवून दाबून काढायचा. बॅटरीच्या टोकांवरचा हिरवट-पांढरा थर गरम पाण्याने जातो. चाकातली हवा गाडी थंड असताना, कारण चाललेलं टायर तापलेलं असतं आणि आकडा फुगवून सांगतं. हवा भरून झाल्यावर व्हॉल्व्हच्या तोंडाला बोटाने थुंकी लावायची, बुडबुडा आला तर व्हॉल्व्ह गळतोय. याहून स्वस्त आणि खात्रीचं उपकरण मला माहीत नाही. ब्रेकचं ड्रम उघडलं तर आतली भुकटी तोंडाने फुंकायची नाही. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसून घ्यायची.

या सगळ्याची एक वही आहे. किलोमीटरचा आकडा आणि पुढे काय केलं ते. सुरुवातीची पानं वाचवत नाहीत. ‘आवळला’, ‘घट्ट केला’, ‘आणखी आवळला’. आटे गेले त्या दिवसाच्या पुढे नुसतं उद्गारचिन्ह आहे. मधल्या पानांत आकडे यायला लागतात, चेन २५, पॅडल २५, क्लच १५. आणि कंसात आवाज. ‘घरघर, पुढच्या चाकात’. ‘किणकिण, सायलेन्सरची पत्री’. ‘कुरकुर, स्टँडची पिन, ग्रीस’. मेस्त्रीकडे जाताना मी आता वही घेऊन जातो. तो ती उलटी धरून एकदा चाळतो, मला परत देतो, आणि तरीही विचारतो, “आवाज कसा येतो?”

परवा पहाटे परत टॅपेटची वेळ आली. आठवडाभर मला इंजिन गरम झाल्यावर बारीक टिकटिक ऐकू येतेय असं वाटत होतं. प्लग काढला, बुचं काढली, टी खिडकीत आणला. इनटेकच्या फटीत पान घातलं. कागदासारखं लागलं. एक्झॉस्टच्या घातलं. तेही तसंच. क्रँक दोन फेरे फिरवून परत टीवर आणला, परत घातलं. तेच. लॉकनटाचा पाना डाव्या हातात होता आणि तो मी मघापासून नुसता धरून बसलो होतो. एक्झॉस्टचा अगदी किंचित, केसाचा निम्मा, कमी केला तर टिकटिक जाईल असं मनात येऊन गेलं.

झाकणं लावली. प्लग लावला, आठवा भाग. पहिल्या किकेत गाडी सुरू झाली. टिकटिक होतीच.

हात पुसून वही उघडली. किलोमीटरचा आकडा टाकला. पुढे लिहिलं, ‘टॅपेट पाहिले, दोन्ही ०.०८, हात लावला नाही’. मग पेन्सिल घेतली आणि त्या शब्दांखाली टिंबांची एक ओळ काढली.